डीएलपी प्रणाली: नजरचुकीपुढे उपयुक्त, ठरवून केलेल्या गळतीपुढे तोकडी

आमच्या कार्यालयातल्या सर्व लॅपटॉपवर माहितीची गळती रोखणारी, म्हणजे ‘डीएलपी’ वर्गातली, एक प्रणाली बसवलेली असून तिचे नियम ठरवण्याचे आणि रोजचे अलर्ट तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. उत्पादनाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण ज्या मर्यादांविषयी लिहायचे आहे त्या थोड्याफार फरकाने या वर्गातल्या सगळ्याच उत्पादनांना लागू पडतात. माहितीपत्रकात मात्र संस्थेतल्याच माणसांकडून होणाऱ्या धोक्यापासून संपूर्ण संरक्षण देण्याचा दावा होता.

प्रथम जमेची बाजू. प्रत्येक लॅपटॉपवर एक छोटा ‘एजंट’ प्रोग्रॅम चालतो आणि बाहेर जाणारे ईमेल, संकेतस्थळांवर चढवल्या जाणाऱ्या फायली, पेनड्राइव्हवर केलेली नक्कल आणि छपाई या चारही वाटांवर लक्ष ठेवतो. फायलीचे नाव बदलले तरी मजकुरावरून ती ओळखली जाते; मूळ दस्तऐवजातला एखादा परिच्छेद उचलून दुसऱ्या फायलीत चिकटवला, तरी बहुतेक वेळा तो पकडला जातो. पत्त्याची पहिली दोन-तीन अक्षरे टंकताच ईमेल प्रोग्रॅमने भलतेच नाव सुचवावे आणि संपूर्ण विभागाचे पगारपत्रक बाहेरच्या पुरवठादाराकडे जाण्याच्या बेतात असावे, असे प्रसंग या प्रणालीने खरोखरच अडवले आहेत. कार्यालयांतली पुष्कळशी गळती अशाच घाईतून होते आणि तेवढ्यापुरते हे उत्पादन चोख आहे.

सुरुवातीचा काळ मात्र कटकटीचा गेला. प्रणाली क्रेडिट किंवा डेबिट कार्डाचा क्रमांक ओळखते ती सोळा अंक आणि शेवटच्या पडताळणी-अंकाचे गणित जुळते का, हे पाहून. परंतु कोणताही यादृच्छिक क्रमांक या गणितात दहातून एकदा योगायोगानेच बसतो, त्यामुळे आमचे सोळा अंकी ऑर्डर क्रमांक असलेली प्रत्येक एक्सेल फाइल संशयित ठरू लागली. नियम सैल केल्यावर हा त्रास कमी झाला. अडवलेली फाइल पाठवायचीच असेल तर कारण लिहिण्यासाठी एक चौकट पुढे येते. तिच्यात लोक ‘काम’, ‘अर्जंट’ किंवा नुसते पूर्णविराम टंकून पुढे जातात आणि प्रणाली ते कारण निमूटपणे मान्य करते. ही नोंद पुढे चौकशीत कामी येईल असे विक्रेता सांगतो, पण नोंदीत पूर्णविरामच असेल तर चौकशी करणाऱ्याने त्यातून काय काढायचे, हे त्याने सांगितले नाही.

आता ठरवून माहिती नेणाऱ्या माणसाकडे वळू. व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीने आम्ही बनावट माहिती वापरून काही चाचण्या घेतल्या. पासवर्ड घातलेली झिप फाइल अडली, कारण जे उघडून पाहता येत नाही ते जाऊ द्यायचे नाही असा नियमच आहे. मात्र तेच ग्राहक क्रमांक देवनागरी अंकांत लिहिल्यावर ईमेल विनाअडथळा गेला. स्क्रीनशॉट घेता येत नाही, पण मोबाइलने पडद्याचा फोटो काढणे कोणत्याही एजंटच्या आवाक्याबाहेरचे आहे. पडद्यावर वापरकर्त्याचे नाव फिकट अक्षरांत उमटवण्याची सोय आहे व तिने थोडा धाक बसतो. अर्थात त्याचा उपयोग फोटो बाहेर येऊन कोणाच्या तरी हाती लागल्यानंतरचा. जनरल इलेक्ट्रिकच्या एका अभियंत्याने टर्बाइनविषयीच्या फायली सूर्यास्ताच्या एका छायाचित्राच्या आत दडवून स्वतःलाच ईमेल केल्याचा आरोप २०१८ साली अमेरिकेत ठेवण्यात आला होता, आणि पुढे तो दोषीही ठरला. याही पलीकडचे उदाहरण अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर संस्थेतल्या विश्लेषक आना मोंटेस यांचे. सोळाएक वर्षे क्यूबासाठी हेरगिरी करणाऱ्या या बाई कार्यालयातून कागद नेतच नसत. गुप्त मजकूर वाचून पाठ करीत आणि घरी जाऊन टंकत. त्यांना २००१ मध्ये अटक झाली. तिथे आमचा एजंट असता, तर त्याला एक कर्मचारी मन लावून वाचन करीत आहे एवढेच दिसले असते.

ही उदाहरणे हेरगिरीची म्हणून सोडून दिली, तरी ब्रिटनमधल्या मॉरिसन्स या सुपरमार्केट साखळीचे प्रकरण कोणत्याही कार्यालयात घडू शकेल असे आहे. तिथल्या एका वरिष्ठ अंतर्गत लेखापरीक्षकाला शिस्तभंगाच्या कारवाईचा राग होता. बाहेरच्या लेखापरीक्षकांना पगाराची माहिती पोहोचवण्याचे काम कंपनीनेच त्याच्याकडे दिले; त्याने ती पोहोचवली, स्वतःसाठी एक प्रत ठेवली आणि २०१४ मध्ये सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांचे तपशील इंटरनेटवर टाकले. त्याला तुरुंगवास झाला, आणि त्याच्या कृत्याचे दायित्व कंपनीवर येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. पण कंपनी त्या निकालापर्यंत सहा वर्षे या प्रकरणात अडकली होती. फाइल पाहण्याचा आणि ती बाहेर देण्याचा अधिकार दोन्ही त्याच्याकडे होते. पेनड्राइव्हवरची नक्कल आमच्या प्रणालीने कदाचित रोखली असती, परंतु अशा कामासाठी आम्हीही पेनड्राइव्हची तात्पुरती सूट देतो, आणि ती मागणारे वरिष्ठच असल्यामुळे सहसा नाही म्हणत नाही.

यावर उपाय म्हणून विक्रेता वर्तन-विश्लेषणाचा स्वतंत्र भाग वेगळी किंमत लावून विकतो. माणसाची रोजची सवय शिकायची आणि तिच्याबाहेर काही घडले की इशारा द्यायचा, ही कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात वर्षअखेरीला संपूर्ण लेखा विभाग लाल रंगात दिसतो, आणि रोज दोन-चार फायली अशा संथ गतीने उचलणाऱ्याची ती सवयच मानली जाते. राजीनामा दिलेल्यांवर बारीक लक्ष ठेवण्याची सोय मात्र उपयोगी ठरली. त्यासाठी मनुष्यबळ विभागाने राजीनाम्याची खबर आयटीला त्याच दिवशी द्यावी लागते. नोंदी असणे आणि त्या कोणी वाचणे यांत किती अंतर असते, हे रशियासाठी हेरगिरी करणाऱ्या, एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेतल्या रॉबर्ट हॅन्सेनने दाखवून दिले आहे. आपला सुगावा लागला आहे का हे पाहण्यासाठी तो संस्थेच्याच प्रकरण-नोंद प्रणालीत स्वतःचे नाव शोधत असे. त्या शोधांच्या नोंदी होत्या, त्यांच्याकडे वेळेवर कोणी पाहिले नाही.

या उत्पादनाविषयीचा माझा सर्वांत गंभीर आक्षेप अजून सांगायचा आहे. अडवलेल्या प्रत्येक फाइलची एक प्रत पुरावा म्हणून सर्व्हरवर जमा होते. म्हणजे संस्थेतले सर्वांत नाजूक दस्तऐवज, निवडून आणि वर्गवारी लावून, एकाच जागी साठतात, आणि आमच्या मांडणीत ते अॅडमिनला उघडता येत होते. एखाद्या लॅपटॉपवरचा एजंट बंद करण्याचा कोडही त्याच्याकडेच आणि कृतींच्या नोंदी पुसण्याचा अधिकारही त्याच्याकडेच. कुंपणानेच शेत खायचे ठरवले, तर त्याला याहून सोयीची रचना सापडणार नाही. हे काम मीच करीत असल्याने माझ्या सचोटीवर संशय घेण्याचा उद्देश नाही, पण संस्थेने केवळ माझ्या सचोटीच्या भरवशावर बसावे हेही बरे नव्हे. एडवर्ड स्नोडेन हे सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काम केलेले कंत्राटी कर्मचारी होते, आणि २०१३ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेची गोपनीय कागदपत्रे बाहेर फोडल्यानंतर त्या संस्थेने अॅडमिनसाठी दोन व्यक्तींच्या संमतीचा नियम आणण्याचे जाहीर केले. आमच्या उत्पादनात ही सोय आहे, मात्र ती मुळात बंद ठेवलेली असते आणि प्रशिक्षणात तिचा साधा उल्लेखही झाला नाही.

पाच तारकांपैकी मी या प्रणालीला तीन देईन. नजरचुकीने होणारी गळती ही तुमची मुख्य चिंता असेल तर ती जरूर घ्यावी, वर्तन-विश्लेषणाचा भाग मात्र अलर्ट वाचायला माणूस नेमल्याशिवाय घेऊ नये. आम्ही कराराचे नूतनीकरण केले आहे. त्याआधी पुराव्याच्या साठ्याची किल्ली दोघांत विभागली, अॅडमिनच्या कृतींच्या नोंदी त्याला पुसता येणार नाहीत अशा वेगळ्या सर्व्हरवर वळवल्या, आणि पेनड्राइव्हच्या प्रत्येक सवलतीला मुदत घातली. या तिन्ही गोष्टींसाठी कोणतेही नवे परवाने विकत घ्यावे लागले नाहीत.