टॉवेल घेताय? जाड टर्किश, मध्यम सोलापुरी की साधा पंचा

दुकानात हात लावून बघितलं की जाड मऊ टर्किशच आवडतो, पण पुण्यात टॉवेल घेताना आधी बघा की तो वाळणार कुठे. गच्ची किंवा उन्हाची बाल्कनी असेल तर खुशाल जाड घ्या, पण डक्टकडची छोटी ड्राय बाल्कनी आणि जुलै-ऑगस्ट असेल तर 600 जीएसएमचा, म्हणजे जाड, टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमट राहतो आणि मग तो कुबट वास, जो धुऊनही जात नाही.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. 75 बाय 150 सेंमीचा 600 वाला टॉवेल कोरडाच 675 ग्रॅम भरतो, 450 वाला साधारण 500. लेबलवर आकडा नसेल तर किचनच्या काट्यावर ठेवून बघा, लगेच कळतं.

टर्किशला दोन्ही बाजूंनी सुताचे लूप असतात, पाणी त्यातच धरलं जातं, म्हणून एका पुसण्यात अंग कोरडं. सोलापुरी टॉवेलही टेरीच, म्हणजे असाच लूपवाला, त्याला जीआय मानांकन (ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणारी अधिकृत ओळख) आहे, आणि त्यातला 400-450 चा रोजच्या वापराला माझ्या मते सगळ्यात बरा, टिपतोही आणि पंख्याखाली वाळतोही. एका बाजूचे लूप कापून मखमली केलेला मात्र रोजच्यासाठी नको, दिसायला छान पण त्या बाजूने पाणी कमी टिपतो.

पंच्याला लूपच नाहीत त्यामुळे पाणी कमी धरतो, मधेच पिळून घ्यावा लागतो, पण वाळतो पटकन, प्रवासाला आणि केस बांधायला मस्त.

धुण्याचं म्हणाल तर नवा टॉवेल दोन-तीनदा धुतल्याशिवाय नीट टिपत नाही, वर फिनिशिंगचा थर असतो. आणि प्लीज फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याचाही थर बसतो आणि पाणी नुसतं घसरतं. टँकर-बोअरच्या जड पाण्याने टॉवेल पापडासारखे कडक होतात, शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाला (ब्लीचसोबत कधीच नाही). वाळत घालताना जोरात झटका म्हणजे लूप उभे राहतात, इस्त्री नको. लूप ओढला गेला तर ओढत बसू नका, कात्रीने कापा, उसवत नाही.

घेताना टॉवेल उजेडासमोर धरा, लूपच्या मधून खालची वीण दिसत असेल तर तो ठेवून द्या.