गाडीच्या एसीतून वास येत होता, उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे दोनदा जाऊन आलो त्याचा अनुभव

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत एक गाडीच्या एसीचं दुकान आहे. बोर्डावर नावबिव काही नाही, निळ्या अक्षरात 'कार ए.सी. रिपेअरिंग' एवढंच, आत एक साठीचे मिस्त्री आणि हाताखाली दोन पोरं. मी तिथं सहा महिन्यांत दोनदा गेलो, दोन्ही वेळेला तक्रार एकच की एसीतून वास येतोय, आणि दोन्ही वेळेला दुखणं सपशेल वेगळं निघालं. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडं वास म्हटलं की सगळे एकच औषध देतात, त्यात माझे पैसे गेले आणि घरच्यांना त्रास झाला तो वेगळाच.

गाडी माझी २०१६ची पेट्रोल हॅचबॅक, २०२२ला सेकंडहँड घेतलेली. नोकरी गगनबावड्याच्या बाजूला, त्यामुळं पावसाळ्यात रोज येताजाता तासभर काचा बंद आणि एसी चालू, नाहीतर काचेवर वाफ धरते आणि समोरचं दिसत नाही. जुलैत वास सुरू झाला. एसी लावला की पहिली दोन-तीन मिनिटं ओल्या पायपुसण्याचा असतो ना तसला कुबट आंबूस वास, मग जरा कमी व्हायचा, मग परत उद्या सकाळी तेच. आई बसली की खोकायला लागायची आणि मुलीला शिंकांवर शिंका.

आधी एका वर्कशॉपमध्ये नेली, नाव घेत नाही. तिथं गाडीत कोणी बसलंसुद्धा नाही, काउंटरवरच सांगितलं की सर गॅस कमी झालाय, गॅस भरला की वास जाईल. २२०० रुपये घेतले. आता गार तर गाडी आधीपण चांगली होत होती, पण मला त्यातलं काही कळत नव्हतं म्हणून दिले. वर एक सेंटचा फवारा मारून दिला, तो दोन दिवस टिकला आणि तिसऱ्या दिवशी पायपुसणं परत हजर. मग अॅक्सेसरीच्या दुकानातून मोगऱ्याचं जेल आणून व्हेंटला लावलं, तर मोगरा अधिक कुबट असा काहीतरी भयंकर प्रकार झाला की आईला घाटात उलटी झाली. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. ऑफिसातल्या एकानं या मिस्त्रींचा पत्ता दिला.

पहिल्या दिवशी त्यांनी गाडी घेतलीच नाही. दार उघडून आत डोकं घातलं आणि म्हणाले, "पावणं, ते अत्तर काढा, काचा खाली करून रात्रभर ठेवा आणि उद्या या. आज मला मोगऱ्याशिवाय काय कळणार हाय?" अर्धा दिवस रजा काढून गेलो होतो त्यामुळं जरा राग आला, पण गेलो परत.

दुसऱ्या दिवशी बॉनेट न उघडता आधी ड्रायव्हर सीटवर बसले, काचा लावल्या आणि प्रश्न सुरू. वास लावल्या लावल्या येतो का गाडी तापल्यावर? नुसता पंखा लावला तर येतो का? बाहेरची हवा घेतल्यावर येतो का आतलीच हवा फिरवली तरी येतो? हिटरवर फिरवल्यावर वाढतो का? मला यातल्या अर्ध्याची उत्तरं माहीत नव्हती, मग त्यांनीच एकेक बटण लावून दाखवलं. हिशोब असा की वास फक्त बाहेरच्या हवेवर येत असेल आणि आतल्या हवेवर कमी होत असेल तर तो इंजिनाकडून नाहीतर रस्त्यावरून आत येतोय, दोन्हीकडं सारखाच असेल तर तो आतच तयार होतोय म्हणजे फिल्टर, कूलिंग कॉईल, ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंखा, नाहीतर गालिचा, आणि गरमवर वाढला तर हिटरकडं बघायचं. माझा दोन्हीकडं सारखा आणि सुरुवातीलाच जास्त.

मग विचारलं, "महापुरातली गाडी न्हाई न्हवं?" मी म्हणलं माहीत नाही, सेकंडहँड आहे. त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला आणि चिखलाची रेघ आहे का बघितलं. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरात पाण्याखाली गेलेल्या गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्यात म्हणे, आणि तसल्या गाडीत गालिच्याखालचा फोम सडलेला असला तर एसीवर कितीही खर्च करा वास जात नाही. माझा बेल्ट स्वच्छ निघाला. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे एवढं तरी बघाच, फुकट आहे.

नंतर गाडीखाली वाकले. एसी वीस मिनिटं चालू होता, हवेत एवढा दमटपणा, आणि खाली जमीन कोरडी. म्हणाले हेच. कॉईल गार असते, तिच्यावर हवेतलं पाणी धरतं, ते नळीतून गाडीखाली ठिबकलं पाहिजे, ठिबकत नाही म्हणजे आत साठतंय. डाव्या सीटपुढचं मॅट उचललं तर खाली गालिचा ओला, मला कधी कळलंच नव्हतं. त्यांनी ओल्यावर बोट घासून मला दाखवलं, रंग नाही, चिकट नाही, म्हणजे साधं पाणी. ही बोट घासायची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

ग्लोव्ह बॉक्स सोडवून मागचा केबिन फिल्टर काढला. माझ्या गाडीला असला फिल्टर आहे हेच मला नवीन. काळा ठिक्कर, आणि त्याच्या घड्यांमध्ये गुलमोहराची ती बारीक बारीक पानं ठासून भरलेली, कारण गाडी रोज ऑफिसबाहेर गुलमोहराखाली लागते. मोठं पान वायपरखालच्या जाळीवर अडकतं, गुलमोहराचं सरळ आत जातं, कुजतं, त्याचा चुरा नळीत बसतो. नळी खालून मोकळी केली तेव्हा तांब्याभर तरी काळं पाणी पडलं आणि त्याचा वास म्हणजे तोच, माझ्या गाडीचा. मला आत्तापर्यंत आई हे नाकानं घेत होती या विचारानं कसंतरी झालं.

मग फिल्टरच्या जागेतून नळी घालून कॉईलवर साफ करायचा फोम मारला, वीस मिनिटं तसाच ठेवला, तो पातळ होऊन चहाच्या रंगाचा खालून गळला, नंतर दहा-पंधरा मिनिटं गरम हवा फुल पंख्यावर लावून आतलं सगळं सुकवलं. मॅट काढून गालिच्यात वर्तमानपत्रं कोंबून दिली, दोन दिवस बदलत राहा म्हणाले. फिल्टर ३८०, फोम ५५०, मजुरी ४००, एकूण १३३०. गॅसचं विचारलं तर म्हणाले, गॅस बंद पाईपांत फिरतो, कमी झाला तर गार व्हायचं कमी होईल, कुबट वास मारायचा त्याचा काय संबंध. डॅशबोर्ड उतरवून कॉईल धुऊ का असंही मीच विचारलं, कारण दुसरीकडं कुणीतरी तसं सांगितलं होतं, तर नको म्हणाले, एकदा डॅशबोर्ड उतरला की क्लिपा सैल होतात आणि खडखड मागं लागते, गरज असल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि एक सवय सांगितली: घर यायच्या आधी दोन-तीन मिनिटं एसी बंद करायचा आणि पंखा चालू ठेवायचा, कॉईल सुकते आणि बुरशी धरत नाही. मी तेव्हापासून रोज साळोखेनगरचा चढ लागला की एसी बंद करतो, तो कुबट वास आजतागायत आलेला नाही.

थांबलो होतो तेव्हा बाकीची गिऱ्हाईकं पण बघितली. एका सीएनजी गाडीवाल्यानं 'एसीतून सडका वास येतोय' सांगितलं, तर मिस्त्रींनी चावी फिरवू दिली नाही, आधी सिलेंडरचा व्हॉल्व बंद करायला लावला, गाडी ढकलून उघड्यावर काढली आणि सीएनजीवाल्याला बोलवा म्हणाले, कारण गॅस गळला तर कळावा म्हणूनच त्यात तो घाण वास मिसळलेला असतो. पैसे काहीच घेतले नाहीत. दुसऱ्या एका गाडीत ब्लोअरमध्ये मेलेला उंदीर निघाला. तिसऱ्याची जळक्या प्लॅस्टिकची तक्रार होती, त्याच्या ब्लोअरच्या वायरी जोडायचा कप्लर वितळला होता. जळका वास आला तर एसी पंखा दोन्ही बंद करून गाडी बाजूला घ्या, 'बघू उद्या' करू नका, हे त्यांनी त्या माणसाला जवळजवळ ओरडूनच सांगितलं.

आता दुसरी वेळ. जानेवारी. गगनबावडा रस्त्याला त्या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात, गुळाचा वास सगळीकडं, त्यामुळं गाडीत गोड वास यायला लागला तर मी तीन आठवडे गुऱ्हाळाचाच समजत होतो, उलट बरं वाटायचं. एकदा रविवारी घरासमोर गाडी चालू केली, तिथं कुठलं गुऱ्हाळ, तरी गोड वास. शिवाय पुढच्या काचेवर आतून एक तेलकट थर धरायचा, पुसला तरी फिसकटायचा. मिस्त्रींना फोनवर सांगितलं तर लगेच म्हणाले, गाडी थंड असताना कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली बघा. खालच्या रेघेच्या खाली गेली होती.

या वेळी त्यांनी हिटर फुल गरमवर लावला, पाच मिनिटांत वास दुप्पट आणि काच धुरकट. डावीकडच्या मॅटखाली परत ओल, बोट घासलं तर या वेळी बुळबुळीत आणि हिरवट. रेडिएटरला प्रेशरचा पंप लावला तर काटा हळूहळू खाली. हिटर कोअर, म्हणजे गरम कूलंट ज्यातून फिरून हिटरची हवा तापते ती जाळी, गळत होता, म्हणजे कूलंट आत डॅशबोर्डमागं ठिबकत होतं आणि त्याची वाफ आम्ही घेत होतो. कूलंटचा वास गोड असला तरी ते विष आहे, लहान पोरांनी किंवा कुत्र्यामांजरानं चाटलं तर जिवावर बेततं, आणि गळतच राहिलं तर इंजिन तापून त्याचं हेड जातं.

त्यांनी दोन मार्ग सांगितले. हिटरचे पाईप बाहेरच्या बाहेर जोडून टाकायचे, चार-पाचशेत काम, हिटर कायमचा बंद. नाहीतर नवीन कोअर, त्याला डॅशबोर्ड उतरवावाच लागणार, ५८०० रुपये आणि दीड दिवस. कोल्हापुरात हिटर लागतो कशाला असं बरेच जण म्हणतात, पण घाटात काचेवरची वाफ घालवायला गरम हवेचा उपयोग होतो म्हणून मी नवीन कोअर घातला. जुना काढलेला हातात दिला, कडेला पांढरा-हिरवा खार धरलेला स्पष्ट दिसत होता.

आता तक्रारी. डॅशबोर्ड लावल्यावर उजव्या बाजूला खडखड आली, त्यांनी स्वतः सांगितलेलीच होती, परत नेल्यावर फेल्टची पट्टी घालून दिली, आता खराब रस्त्यावर थोडी येते, पूर्ण गेलेली नाही. दीड दिवस सांगून अडीच दिवस लागले. बसायला जागा नाही, उन्हात उभं राहायचं, बिल कच्च्या कागदावर देतात, फोन दहा वेळा केला तर दोनदा उचलतात. बोलणं जरा खरखरीत आहे, पण म्हणजे अपमान करत नाहीत. तरी माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या खडखडीसाठी आणि उशिरासाठी कमी केला.

जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत जा, अकरानंतर रांग असते, सोमवारी बंद. गाडी धुऊन नेऊ नका, ओल कुठली ते कळत नाही. आणि परफ्युम, जेल, अगरबत्ती जे काय असेल ते आदल्या संध्याकाळीच काढून ठेवा, नाहीतर परत पाठवतील.