खाणीतल्या फोटोंसाठी कोणता ब्लॅक अँड व्हाइट रोल, एचपी5 की डेल्टा 3200?

कोळशाच्या खाणीत मिथेनमुळे साधा फ्लॅश चालत नाही, म्हणजे उजेड फक्त कॅप लॅम्पचा (हेल्मेटवरच्या दिव्याचा), म्हणून हा घोळ. एचपी5 स्वस्त, 1600 पर्यंत सहज पुश होतो (म्हणजे कमी उजेडात काढून जास्त वेळ डेव्हलप करता येतो), पण सावल्या पार काळ्या होतात, कामगाराचा चेहरा दिसतो आणि मागचा बोगदा गायब. डेल्टा 3200 महाग आहे, आणि डब्यावरच्या आकड्याला फसू नका, खरा स्पीड (प्रकाशाची संवेदनशीलता, आयएसओ) 1000 च्या आसपासच, तरी सावलीत तपशील जास्त टिकतो. ग्रेन, म्हणजे फोटोतले दाणे, ठळक, स्कॅन करून शेअर केल्यावर अजूनच उठून दिसतो (मला आवडतो, कोळशाला शोभतो). विमानतळावरच्या एक्स-रेचा धोकाही डेल्टालाच जास्त, शिवाय फोटो काढल्यावर लवकर धुवावा (डेव्हलप करावा) लागतो. दिव्याजवळचे पोर्ट्रेट असतील तर एचपी5, अख्खा बोगदा दाखवायचा तर डेल्टा.