क्लिनिकल एक्सरसाइजचा कोर्स: काही महिने वापरून झाल्यावर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला गंगापूर रोडवर एका क्लिनिकमध्ये काम करते. जुनाट आजारांवर व्यायामाने उपचार शिकवणारा ऑनलाइन कोर्स दिवाळीनंतर घेतला. तो संपून काही महिने झाले, आता रोज वापरतेय. बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

खरी कमाई म्हणजे व्यायामाचा डोस ठरवायला येणं. "रोज चालत जा" असं आपण सर्रास सांगतो, पेशंट मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. इथे आठवड्यातून किती वेळा, किती जोरात, किती वेळ आणि कोणता व्यायाम, हे चारही लिहून द्यायची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची शिफारस आपल्याला पाठ असते. पण मधुमेहात सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड का नको, हे मला इथे नीट उलगडलं. काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. व्यायामानंतर शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतं, पण तो परिणाम दोन-तीन दिवसांत ओसरतो. फक्त रविवारी पांडवलेणी चढणाऱ्यांना आता मी हेच सांगते.

हृदयरोगाचा भाग सर्वांत सरस. आमच्याकडे येणारे एक काका बीटा-ब्लॉकर घेतात. त्या गोळीने नाडी फारशी वाढत नाही, आणि काका हातातल्या घड्याळात आकडा वाढावा म्हणून गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर वेग वाढवत राहायचे. त्यांना म्हटलं, "काका, घड्याळ घरी ठेवा. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. तोच तुमचा वेग." सोबत बोर्ग स्केलचा, म्हणजे किती दमल्यासारखं वाटतंय ते आकड्यात सांगायचा, ६ ते २० आकड्यांचा तक्ता दिला, मध्यम जोराच्या १२-१३ वर खूण करून. काकू शेजारी चालतात, गप्पा सुरू ठेवतात. फार गोड जोडी आहे.

उणिवा आहेत. उदाहरणं सगळी परदेशी: ट्रेडमिल, सायकल, मोठा हॉल. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला ३० मीटर सरळ जागा लागते. जागा आखूड असली की वळणं वाढतात आणि अंतर कमी भरतं. फ्लॅटमधल्या क्लिनिकला एवढा पॅसेज कुठून येणार? आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने आखून घेतो. चपला घालून, साडी नेसून येणाऱ्या आजींचाही कोर्समध्ये विचार नाही. न्यूरोपॅथी (नसा खराब होऊन पायांची संवेदना कमी होणं) असेल तर तळवे रोज तपासा हे सांगतात, पण आपल्याकडे अनवाणी वावरणारे किती, ते आपल्यालाच माहीत.

बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेल्यांनी बिनधास्त घ्यावा. जिम ट्रेनरलाही उपयोग होईल, पण छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला डॉक्टरांच्या तपासणीआधी हात लावू नये, एवढं पथ्य पाळायचंच. प्रत्यक्ष पेशंट कोर्समध्ये नाहीत. म्हणून आधी एखाद्या कार्डिॲक रिहॅब युनिटमध्ये (जिथे हृदयरोग्यांना देखरेखीखाली व्यायाम देतात) काही आठवडे बसायची परवानगी मिळवा आणि मगच फी भरा.