पूर्णवेळ बुद्धिबळ की नोकरी सांभाळून?

ग्रँडमास्टर व्हायचं तर २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या दर्जाची कामगिरी तीनदा, हवेत. नॉर्मची स्पर्धा सहसा निदान नऊ फेऱ्यांची, म्हणजे आठवडा गेलाच. सोलापूरच्या पोराने त्यासाठी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुणं गाठायचं, नाहीतर थेट परदेश.

पूर्णवेळ खेळणाऱ्याला हे जमतं. पण प्रवास, राहणं, प्रशिक्षक सगळं घरच्या खिशातून, आणि बक्षिसाचा भरवसा नाही.

नोकरीवाल्याला पगार असतो, रजा नसते. मिखाईल बोटविनिक पेशाने विद्युत अभियंता. १९४८ मध्ये जगज्जेता झाला आणि तीन वर्षं स्पर्धांपासून लांब राहिला. १९५१ मध्ये आव्हानवीर ब्रॉनस्टाइनशी १२-१२ बरोबरी करून कसाबसा मुकुट राखला. तेव्हा ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, तयारी वहीत मावायची. आता बुद्धिबळाच्या संगणकी इंजिनमुळे रोज नवं काहीतरी निघतं. ऑफिसातून दमून आलेला माणूस रात्री अकराला नायडॉर्फ नावाचं ओपनिंग उघडतो आणि दहाव्या चालीला जांभई देतो.

माझं विचाराल तर तिसऱ्या नॉर्मपर्यंत नोकरी नको. किताब मिळाला की रेटिंग घसरलं तरी तो राहतो. मग रेल्वेच्या खेळाडू कोट्याकडे बघावं. सोलापूर तर मध्य रेल्वेचा विभागच आहे. घरच्यांना मात्र हे जेवणं झाल्यावर सांगा.