कॉकटीलला आठ दिवस सांभाळायला दिलं (पर्वरी), माझा अनुभव

मे महिन्यात भावाच्या लग्नाला साताऱ्याला जायचं होतं आणि आमच्या बंड्याला, म्हणजे कॉकटीलला (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट), कुठे ठेवायचं हे काही केल्या सुटत नव्हतं. गोव्यात कुत्री-मांजरं ठेवून घेणारे मिळतात हो, पण पक्षी म्हटलं की "ठेवू की, दाणे तर टाकायचे" असं म्हणतात आणि तिथेच माझा विश्वास उडतो. एका ठिकाणी बघायला गेले तर पिंजऱ्याची जागा दाखवली ती मांजरांच्या खोलीतच, मध्ये नुसती जाळी! तशीच परत आले.

मग ओळखीतून पर्वरीच्या एक काकी कळल्या, घरीच सांभाळतात, एका वेळी दोनच पक्षी. फोन केला तर पैशांचं राहिलं बाजूला, आधी माझीच उलटतपासणी. "रात्री काळोखात झोपतो काय गो तो?" कॉकटील अंधारात दचकला की पिंजऱ्यात फडफडून पंख दुखावून घेतो आणि आपल्याकडे पावसाच्या तोंडावर लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून त्यांच्याकडे इन्व्हर्टरवर झिरोचा बल्ब रात्रभर चालू असतो. स्वयंपाकघरात नॉनस्टिकचं एकही भांडं नाही, लोखंडी तवा. टेफ्लॉन, म्हणजे नॉनस्टिकचा तो थर, जास्त तापलं की त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, हे मला स्वतःला दोन वर्षं माहीत नव्हतं, आणि आमच्या घरी डोसे कशावर होत होते ते विचारू नका.

दाणे मात्र आपलेच न्यायचे, कारण एकदम खाणं बदललं तर पक्षी उपाशी बसतो. रोज सकाळी वजनकाट्यावर वजन. पहिल्या दिवशी 94 ग्रॅम, तिसऱ्या दिवशी 91, तर त्यांनी स्वतःहून फोन केला, घाबरू नको पण लक्ष आहे म्हणाल्या. पक्षी आजार लपवतो, आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. फोटो पण कसले, तर पिंजऱ्याखालच्या पेपरचे! भावाच्या हळदीत मी कोपऱ्यात उभी राहून शी झूम करून बघतेय, आत्या विचारतेय कोणाचा फोटो गं. पाचव्या दिवशी परत 94.

आता तक्रारी. दिवसाला 300 रुपये, आणायला-पोचवायला आपणच जायचं, व्हिडिओ कॉल अजिबात नाही, मेसेज सकाळ-संध्याकाळ एकेकच. काकी बोलायला जरा कडक आहेत, नखं वाढलीत म्हणून मला ऐकवलंच. आणि बंड्या आता त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मारतो, पहाटे साडेपाचला, तीन.

चतुर्थीत मात्र त्या कोणालाच घेत नाहीत, फटाके, धूप आणि घरभर माणसं. आम्हाला नेमकं तेव्हाच साताऱ्याला जायचंय, त्यामुळे यंदा बहुतेक बंड्या पण गाडीतून चोर्ला घाट बघणार. डिसेंबरचे दिवस तेवढे आत्ताच सांगून ठेवलेत.