जलनेतीसाठी पाणी: उकळलेलं की आरओचं?

ताराबाई पार्कातल्या वहिनींना जलनेती (मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं) सुरू करायचीय. घरात आरओ असताना पाणी उकळायचं कशाला, असं त्यांना वाटतं.

नेग्लेरिया फाउलेरी हा पाण्यातला अमीबा (एकपेशीय जीव) पोटात गेला तर आजार होत नाही. नाकातून मात्र तो गंधाच्या मज्जातंतूवरून मेंदूत पोचतो, आणि मग रुग्ण क्वचितच वाचतो. नेतीपुरतं मीठ त्याला मारत नाही. म्हणून पिण्याचा निकष इथे लावूच नका.

आरओत कष्ट नाहीत, फिल्टर बदलायचा खर्च मात्र येतो. त्याचा पडदा अमीबा अडवतो, पण पुढची टाकी आणि तोटी निर्जंतुक नसते. उकळायला थोडा गॅस नि सवड लागते. कोल्हापूरच्या उंचीवर खळखळून १ मिनिट पुरे. मग झाकून कोमट होऊ द्या.

पिण्याला आरओ चालेल. नेतीला उकळलेलंच घ्या, वहिनी.